खोडे सर हात लावत नाहीत

आमच्या वरच्या खोलीत राहणारे खोडे सर कॉलेजात कम्प्युटर शिकवतात, पण कम्प्युटरला हात लावत नाहीत. स्वतःच्याला लावतात, दुसऱ्याच्याला नाही. समोर पोरगा बसलेला, पडद्यावर काहीतरी लाल लाल आलेलं, पोराला घाम फुटलेला, आणि सर त्याच्या मागे दोन्ही हात पाठीशी धरून उभे. पोलिसांनी धरून आणल्यासारखे. पोरगा म्हणते, सर, तुम्हीच करून द्या ना. सर म्हणतात, "आधी वाच. मग दाब."

दिवसभर तेच. आधी वाच, मग दाब. आमच्या पांढुर्ण्यात पहिले पहिले लोक म्हणत, या माणसाला येतच नसन, म्हणून हात लपवते. मलाही तसंच वाटे. मी चौथी शिकलेला माणूस, सारी उमर जिनिंगमध्ये कापसानं भरलेली बोंदरं पाठीवर उचलली. माझा हिशेब साधा, ज्याला येते तो करून दाखवते. एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, सर, तुम्हाला येते का खरंच. ते रागावले नाहीत. म्हणाले, येते ना काकाजी, म्हणूनच हात बांधून ठेवावे लागतात.

सरकारी भाषेत त्यांचं नाव अतिथी विद्वान. म्हणजे पक्की नोकरी नाही, दरवर्षी बोलावलं तर यायचं. जितके दिवस शिकवलं तितक्याच दिवसांचं मिळते. आमची बुढी, म्हणजे माझी बायको, होती तेव्हा फार हसायची. म्हणायची, इतक्या वर्षांचा पाहुणा, आणि अजून कोणी त्याच्यासाठी पाट नाही टाकला. मग तीच ताटावर झाकण घालून वर भाजी पाठवायची.

माणूस पन्नाशीचा, काडीसारखा, बायको-लेकरं नाहीत. भाऊ आहे म्हणतात बैतूलकडे, पण कधी आलेला पाहिला नाही. वाचायचा एवढा नाद का बिस्किटाचा पुडा फोडायच्या आधी मागचं सगळं वाचतील. कुकर आणला तर त्यासोबतची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचली, आणि भात दुसऱ्या दिवशी शिजवला. त्या दिवशी मुरमुरे खाल्ले. मोबाइलवर काही नवीन घेताना ते लांबच लांब इंग्रजी येते ना, खाली 'कबूल आहे' असं लिहिलेलं, ते जगात कोणी वाचत नाही. सर वाचतात. दोनदा तर वाचून 'कबूल नाही' दाबलं त्यांनी. कंपनीच्या बाईचा तो रेकॉर्ड केलेला फोन येते, रिचार्ज करा म्हणून, तोही सर शेवटपर्यंत ऐकतात. मी म्हटलं, ते मशीन आहे सर, कापा. म्हणे, बोलून राहिली आहे, मध्येच कसं कापायचं.

कॉलेजात कम्प्युटर आहेत, पण त्यांच्यावर कव्हर आहे आणि कव्हरवर धूळ. कव्हर निघालं तर लाइट नसते. म्हणून सरांनी दर इतवारी, सुट्टीच्या दिवशी, माझ्या आंगणात वर्ग लावला. मला विचारलंही नाही, बुढीला विचारलं. ती म्हणाली, या ना, आंगण काय झिजते.

आसपासच्या खेड्यातली पोरं-पोरी यायची, बी.ए. आणि बी.एस्सी.ची. मोबाइलवर बोटं अशी चालतात त्यांची का पाहूनच आपल्याला चक्कर यावी. रील पाहतात, गाणी टाकतात. पण एक कागद ईमेलनं पाठवा म्हटलं का सारे अडले. एकानं सगळा अर्ज वरच्या विषयाच्या जागेत लिहिला, खाली कोरं. एका पोरीनं मोबाइलच्या पडद्याचा फोटो दुसऱ्या मोबाइलनं काढला आणि त्याची झेरॉक्स काढून सरांच्या हातात दिली. सरांनी ती झेरॉक्ससुद्धा पूर्ण वाचली.

पण खरा रोग वेगळाच होता. सरांनी विचारलं, तुमचा ईमेल आहे का. सारे म्हणाले, आहे. काय आहे? तर म्हणे, तो दुकानवाल्यापाशी आहे. पासवर्ड? तो पण दुकानवाल्यापाशी. आपल्या भागात प्रत्येक चौकात ऑनलाइनचं दुकान आहे. तिथं पोरं जातात, आधार कार्ड देतात, बाहेर चहा पितात, तोवर तो सगळं भरून टाकते. चक्कीवर दळणाचा डबा ठेवून यावं, तसं पोरं आपलं नावगाव ठेवून येतात. फरक इतकाच का दळण संध्याकाळी परत मिळते.

सरांनी वर्गात पहिलं काम तेच केलं. प्रत्येकाचा ईमेल नवीन, पासवर्ड स्वतःचा, कोणाला सांगायचा नाही, मलाही नाही. पोरगं पासवर्ड टाकायला लागलं का सर तोंड फिरवत, बाईमाणूस आंघोळीला बसलं असल्यासारखे. आणि साऱ्या वर्गालाही फिरवायला लावत. आंगणात जवान पोरंपोरी, सारी भिंतीकडे तोंड करून चुपचाप उभी. बाजूची कलंबेबाई कुंपणावरून पाही. तिनं बुढीला विचारलं, ताई, हे कोणत्या देवाचं चालून राहिलं तुमच्या घरी. बुढी म्हणाली, माहीत नाही, पण प्रसाद नाही भेटत.

मागच्या पोळ्याच्या आधी बुढी गेली. ताप काय आला आणि काय झालं, डॉक्टरला समजलं असन तर असो, मला नाही समजलं. लोक आले, बसले, धीर धरा म्हणाले. धीर काय खुंटीवर टांगलेला असते का, काढून घ्यायला. सर आले, तर आत येऊन बसलेही नाहीत. दाराशी उभे राहून चालले गेले.

तिची राख अजून निवली नव्हती, आणि हा माणूस खाली आला. म्हणे, काकाजी, सिलिंडर संपलं आहे, बुक करावं लागते. ते बुढीच्या मोबाइलवरून व्हायचं. मी मोबाइल त्यांच्यासमोर टाकला, म्हटलं करा. त्यांनी हात मागे घेतले. म्हणे, तुम्ही करा, मी आहे ना इथं. मला इतका राग आला का खोली खाली कर म्हणणार होतो. आम्ही पांढुर्ण्याच्या गोटमारीत, त्या दगडफेकीच्या जत्रेत, दगडं झेललेले लोक, माझ्या डोक्यावर अजून खूण आहे, पण त्या दिवशी त्या चिमूटभर बटनावर माझं बोट टेकेना. सर म्हणत, आधी वाचा. मी एक एक अक्षर लावून वाचलं. चुकलो, परत पहिल्यापासून. दुपार गेली त्याच्यात. शेवटी बुक झाल्याचा मेसेज आला. मी वर पाहिलं तर सर निघूनही गेले होते. तेव्हा ध्यानात आलं, ती गेल्यापासून मी पहिल्यांदाच इतका वेळ दुसऱ्या कशाचा विचार केला होता.

त्यानंतर घरात मी आणि मयुरी. मयुरी म्हणजे माझ्या पोराची, सुरेशची पोरगी. सुरेश सौंसरकडे शेती करते, संत्र्याचा बगीचा आहे. आजीनंच हट्ट करून पोरीला कॉलेजसाठी आमच्याकडे आणलं होतं. पोरगी हुशार, बी.एस्सी. चांगल्या नंबरानं काढली. भाकऱ्या मात्र नकाशासारख्या करते.

सरांच्या वर्गाची ती सगळ्यात जुनी पोरगी. आणि तिनंच घोळ केला. बापाकडे सुट्टीत गेली होती, तिथं एम.एस्सी.चा अर्ज भरायची वेळ आली. ती म्हणाली मीच भरीन, बाप म्हणाला, तुला काय समजते, चूक झाली तर साल जाईन. आणि घेऊन गेला सौंसरला, गुड्डूच्या ऑनलाइनच्या दुकानात. गुड्डूनं भरून दिलं. सरांना हे समजलं तर त्या दिवशी तिच्या हातचा चहा प्याले नाहीत. पोरगी रडली. मी म्हटलं, चांगलंच झालं, सरांचं पोट वाचलं.

मग छिंदवाड्याच्या कॉलेजात तिचं नाव लागलं. मैत्रिणीनं सांगितलं. पण नाव लागून भागत नाही. आपल्या खात्यात जाऊन 'सीट कबूल आहे' असं दाबावं लागते, ठरलेल्या तारखेच्या संध्याकाळी पाचच्या आत. नाही दाबलं तर सीट दुसऱ्याला. खातं काही उघडेना. पासवर्ड गुड्डूनं टाकलेला, मोबाइल नंबर गुड्डूचा, नवीन पासवर्डसाठी जो आकडा येते तोही गुड्डूच्या नंबरवर. आणि गुड्डूचा नंबर बंद.

सुरेशला फोन केला. तो म्हणाला, तिच्या नशिबात नसन, आता घरी पाठवून द्या, पाहुणे येऊन राहिले तिला पाहायला, चांगलं घर आहे. पोरीनं ते ऐकलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

खरं सांगतो. मला ती जायला नको होती. छिंदवाड्याला गेली काय, लग्न होऊन गेली काय, माझं घर तर खालीच होणार होतं. पण तिनं जो मोबाइल उलटा ठेवला ना, तो मला पाहवला नाही. मी धोतर नेसलं आणि म्हटलं, चाल, सौंसरला. त्या गुड्डूला हुडकू. जिन्यावर सर उभे होते, चप्पल घालून. म्हणे, मी पण येतो. त्या दिवशी त्यांचं कॉलेज होतं. कॉलेजच्या पाहुण्याला सुट्टी नसते, गेला नाही का त्या दिवसाचं काही मिळत नाही. बसमध्ये मी तसं म्हटलं तर समोरची पाटी वाचत बसले.

सौंसरला गुड्डूच्या दुकानाला कुलूप. विचारत विचारत गेलो तर पठ्ठ्या बसस्टँडच्या बाजूला मोबाइलचे कव्हर विकून राहिला. आम्हाला पाहून खूश झाला, बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला. माणूस वाईट नाही. म्हणे, काकाजी, ऑनलाइनचं काम सोडलं आपण, लय डोक्याला ताप. त्याचं असं होतं का दरवर्षी अ‍ॅडमिशनच्या सीझनला एक नवीन सिम घ्यायचं आणि साऱ्या पोरांच्या अर्जात तोच नंबर टाकायचा. सीझन संपला का सिम काढून ठेवायचं. मयुरीनं विचारलं, काहून. म्हणे, दिवसभर मेसेज येतात, बायको झोपू नाही देत.

त्यानं खालून सुपारीचा डबा काढला. डबा भरून सिम. काउंटरवर ओतले आणि डाळ निवडावी तसे निवडायला लागला. मयुरीच्या मोबाइलात एक घातलं, ते मेलेलं. दुसरं घातलं, ते पण. घड्याळात तीन वाजून गेले होते, आणि आजच पाचच्या आत दाबायचं होतं. शेवटी एक लागलं, त्याचा रिचार्ज केला, आणि मोबाइल टिंग टिंग वाजायला लागला. थांबेचना. मयुरीचा मेसेज होता त्यात, पण दुसऱ्या पोरांचेही होते. अमुकची सीट लागली. तमुकची तारीख आज संपते. नावं वाचून मयुरी म्हणाली, सर, ही तर आपल्याच भागातली पोरं आहेत. सरांचं तोंड उतरलं. त्यांनी गुड्डूला एवढंच सांगितलं का आता गिऱ्हाईक बंद, यातल्या प्रत्येकाच्या घरी फोन लाव. गुड्डूनं गिऱ्हाइकांच्या नंबरांची जुनी वही काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

इकडे मयुरी स्टुलावर बसली, सर तिच्या मागे. नेट मुंगीसारखं चालून राहिलं. तिनं आकडा टाकला, तोवर त्याची वेळ निघून गेली. परत मागवला, घाईत एक आकडा चुकला. पोरीनं ओढणीला बोटं पुसली. फोन लावता लावता गुड्डू म्हणाला, "सर, इकडं द्या ना, दोन मिनटात करून देतो. माझ्या हाताचं काम हाय ते."

सर हलले नाहीत. आता मात्र माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, सर, तुमचा नेम तुमच्या वर्गात. आज पोरीची सीट चालली. तुम्ही तरी करा नाही तर त्याला तरी करू द्या.

ते माझ्याकडे वळले. आवाज खालीच होता. "काकाजी, छिंदवाड्यात तिच्यापाशी तुम्ही नसणार. मी पण नसणार. आज मी दाबून दिलं, तर उद्या ती तिथं दुसरा गुड्डू शोधीन."

मग तिला म्हणाले, "पाणी पी. आणि परत पहिल्यापासून."

तिनं पाणी प्यालं. आकडा आला, या वेळी बरोबर बसला. पासवर्ड टाकायची वेळ आली तर सर वळले, मी वळलो, गुड्डू फोन कानाला लावून वळला. एक गिऱ्हाईक काचेचं कव्हर घ्यायला आलं होतं, त्यालाही सरांनी खांद्याला धरून वळवलं. बसस्टँडवरचे लोक पाहून राहिले होते, का हे चार माणसं भिंतीत काय पाहून राहिले.

खातं उघडलं. खाली 'कबूल आहे'चं बटन. मी म्हटलं, दाब. सर म्हणाले, आधी वाच. मला वाटलं या माणसाला इथंच चोपावं. पोरगी वाचायला लागली, नाव, बापाचं नाव, विषय, एक एक ओळ. वाचता वाचता थांबली. म्हणाली, "सर, इथं वसतिगृह पाहिजे का, त्याच्यापुढं 'नाही' आहे."

साऱ्यांनी गुड्डूकडे पाहिलं. गुड्डू म्हणाला, "मी सगळ्यायचं 'नाही'च टाकतो. काम लवकर होते."

तसंच दाबलं असतं तर सीट मिळाली असती आणि पोरगी घरीच राहिली असती. परक्या गावात खोली करून तिला राहू देणारा सुरेश नाही, मी ओळखतो त्याला. मयुरीनं 'नाही'चं 'हो' केलं. परत सगळं वाचलं. मग दाबलं.

पडदा फिरत राहिला, फिरत राहिला, आणि हिरवं काहीतरी आलं. पोरगी माझ्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून मला सर दिसले, पाठमोरे. डाव्या हातानं उजवं मनगट इतकं आवळलं होतं का नखं रुतली होती. ते सोडवायलाही त्यांना वेळ लागला.

सुरेश महिनाभर कुरकुरला. पण वसतिगृह म्हटल्यावर कबूल झाला. पाहुण्यांना त्यानंच 'नाही' असं कळवलं. मयुरी गेली तेव्हा बसस्टँडवर सर आले होते. तिला म्हणाले, तिकिटावरचं वाच. ती पाया पडली तर दुसरीकडे पाहून राहिले.

आता पोरगी रोज सांजच्याला व्हिडिओ कॉल करते. पहिल्या दिवशी मोबाइल वाजला आणि मला तो घ्यायचा कसा समजेना. मी वर आवाज दिला. सर खाली आले, मी वाचलं, मी दाबलं, आणि मयुरी दिसली. ती बोलत होती, का मेसमधली पोळी कच्ची राहते, का प्रयोगशाळेत तिला कम्प्युटरवर बसवलं तर बाकी पोरी तिलाच विचारून राहिल्या. आणि ती म्हणे, मी काही हात नाही लावला आबाजी, त्यांनाच करायला लावलं. मी सरांना दाखवावं म्हणून मोबाइल फिरवला तर सर दाराच्या आड सरकलेले. तिथंच उभे राहून ऐकत होते. फोन संपला तसे म्हणाले, आवाज बरोबर येऊन राहिला ना, मी तेवढंच पाहायला थांबलो. आणि वर चालले गेले. वर जाऊन लाइट बराच वेळ लावला नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या मनानं फोन घेतला. बरोबर लागला. पोरीशी बोललो, मजेत बोललो. नंतर पाणी भरायला बाहेर आलो, तर सर जिन्यावर बसलेले, अर्ध्यात. मला पाहून उठले. म्हणे, आज लागला वाटते. मी म्हटलं, लागला. म्हणे, छान, शिकले तुम्ही. आणि रिकाम्या हातानं वर गेले.

तेव्हापासून मी शिकलेलं विसरलो. रोज सांजच्याला मोबाइल वाजला का मी तो हातात धरून आंगणात येतो आणि मोठ्यानं म्हणतो, "सर, हे लागून नाही राहिलं बा, पाहा जरा." आणि वरचं दार उघडते. इतकं लगेच उघडते, का माणूस चप्पल घालूनच बसला असन.